लेकीला घेऊन लेकवर

मार्चमधल्या एका रविवारी रतलामहून काकांचा फोन आला. सैलान्याच्या अलीकडे आमचं एक बीड आहे, आजोबांनी घेतलेलं, बारा बिघ्यांचं. माळव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, बीड म्हणजे गवतासाठी राखलेली जमीन. पावसाळ्यात तिथे नांगर घालायचा नाही, गुरं सोडायची नाहीत. दिवाळीच्या सुमारास गवत कापायचं आणि विकायचं. आता त्या गवताचे पैसे नावापुरतेच येतात. शेजारच्या दोघांनी आपापली बिडं मोडून सोयाबीन पेरलं आणि आमच्या बिडालाही गिऱ्हाईक आलं. काकांना बाबांची संमती हवी होती. बाबांनी नेहमीप्रमाणे "त्याला विचार" म्हणून विषय माझ्याकडे ढकलला.

मी एका मिनिटात उत्तर दिलं, "विकून टाका काका. रिकामीच तर पडली आहे."

काका म्हणाले, "बघ बुवा. मे महिन्यापर्यंत सांग." आणि फोन ठेवला. मीही विसरलो.

मी मूळचा इंदूरचा. बीई तिथेच केलं. गेली चार वर्षं आम्ही अमेरिकेत, कोलोराडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स या गावी राहतो. माझं काम नकाशांच्या सॉफ्टवेअरचं. त्यात पक्ष्यांचा काही संबंध नाही, आणि खरं सांगायचं तर इंदुरात असताना चिमणी, कावळा, पोपट यांच्यापुढे माझी ओळख गेली नव्हती. पक्षी घरात आणला तो आमच्या सहा वर्षांच्या मुलीने. शाळेतून तिने एक चित्र रंगवून आणलं. कोंबडीएवढा पक्षी, पाठीमागे काट्यांचा पंखा आणि छातीवर दोन पिवळे फुगे. मी म्हटलं, "हे फुगे तू लावलेस का?" ती रागावली. म्हणाली, "बाबा, हे त्याचे स्वतःचे आहेत. आणि तो इथेच राहतो."

पक्ष्याचं नाव सेज ग्राउस. मोर, तित्तिर आणि कोंबडी यांच्याच कुळातला. उत्तर अमेरिकेतल्या ग्राउस पक्ष्यांत हा सर्वांत मोठा. नर जवळजवळ तीन किलोचा, मादी त्याच्या निम्मी. दर वसंतात पहाटे नर एका ठरलेल्या मोकळ्या जागी जमतात, छाती फुगवून नाचतात, आणि माद्या येऊन त्यांच्यातून निवड करतात. त्या जागेला 'लेक' म्हणतात. मूळ शब्द स्वीडिश, अर्थ 'खेळ'. मी बायकोला म्हटलं, "या शनिवारी लेक बघायला जाऊ या." ती म्हणाली, "लेक समोर बसली आहे. बघ, आणि तिचे केसही विंचर." घरात तो विनोद पुढे पंधरा दिवस चालला.

एप्रिलच्या मध्यावर आम्ही निघालो. फोर्ट कॉलिन्सहून पूदर नदीच्या घळीतून रस्ता वर चढतो. दोन्ही बाजूंना कडे, खाली पांढरं फेसाळ पाणी. कॅमरन पासची खिंड १०,२७६ फुटांवर आहे. तिथे बर्फाच्या भिंती अजून माणसाच्या डोक्याच्या वर होत्या. खिंड ओलांडली की डोंगर मागे सरतात आणि एकदम एक भलंमोठं सपाट खोरं समोर येतं. याचं नाव नॉर्थ पार्क. इथे 'पार्क' म्हणजे बाग नव्हे. डोंगरांनी वेढलेल्या अशा उघड्या खोऱ्यांना जुने शिकारी पार्क म्हणत. आठ हजार फुटांवरचं हे खोरं, मध्यभागी वॉल्डन नावाचं सहाशे वस्तीचं गाव, आणि बाकी सगळीकडे, नजर पोचेल तिथवर, राखाडी झुडपं.

बायकोने काच खाली केली आणि म्हणाली, "इथे तर काहीच नाही."

मलाही तेच वाटलं होतं. पाय मोकळे करायला उतरलो. मुलीने रस्त्याकडेच्या झुडपाचं एक पान चुरगाळलं आणि माझ्या नाकाशी धरलं. मी क्षणभर बोलू शकलो नाही. तो दवण्याचा वास होता. चैत्रात आजी देवघरात दवणा वाहायची, तो ओला, किंचित कडवट वास. मी फोनवर शोधलं तर खरंच नातं निघालं. हे झुडूप म्हणजे सेजब्रश, शास्त्रीय नाव आर्टेमिसिया ट्रायडेंटाटा. आपला दवणा आर्टेमिसिया पॅलेन्स. दोघे एकाच घराण्यातले. आणि महिनाही चैत्रच होता.

सेज ग्राउसचं सगळं आयुष्य या झुडपावर चालतं. हिवाळ्यात सगळं बर्फाखाली गेलं की तो जवळजवळ फक्त याचीच पानं खातो. कडू, तेलकट, बऱ्याच जनावरांना बाधणारी ही पानं खाऊन हा पक्षी हिवाळ्यात उलट वजन वाढवतो. मादी याच झुडपाखाली अंडी घालते. ससाणा, कोल्हा यांच्यापासून आडोसाही याचाच. त्यामुळे झुडूप गेलं की पक्ष्याला दुसरीकडे जाऊन दुसरं काही खाण्याची सोय नाही.

रात्री वॉल्डनच्या मोटेलमध्ये राहिलो आणि पहाटे चार वाजता उठलो. बाहेर उणे आठ अंश. नियम आधीच वाचून ठेवले होते. उजाडण्याच्या तासभर आधी पोचायचं, गाडीचे दिवे आणि इंजिन बंद करायचं, गाडीतून उतरायचं नाही, आणि सगळे पक्षी आपणहून जाईपर्यंत हलायचं नाही. हीटर नाही म्हटल्यावर बायकोने आजीने शिवलेली गोधडी बाहेर काढली. ही गोधडी इंदूरहून आणताना सामानाच्या वजनावरून आमचं भांडण झालं होतं. त्या पहाटे मी तो मुद्दा सोडून दिला. थर्मासमध्ये चहा, डब्यात बेसनाचे लाडू आणि इंदुरी शेव. शेवेचा कुरकुर आवाज होतो म्हणून मुलीने ती आम्हाला खाऊ दिली नाही.

पहिल्यांदा दिसलं काहीच नाही, फक्त ऐकू आलं. पातेल्यात दाट आमटी उकळताना मोठा बुडबुडा फुटावा तसं, "गुबुक... गुबुक." अंधारात डावीकडून, मग उजवीकडून, मग चहूबाजूंनी. हळूहळू पूर्वेला फटफटलं आणि काळोखातून पांढरे ठिपके वर आले. ते नरांच्या छातीवरचे पिसारे होते. थंडीत शेठजींनी लोकरी शाल गळ्याभोवती गुंडाळावी तसे दिसणारे. नर दोन पावलं पुढे टाकतो, पंख छातीवर घासतो, कडक खळीच्या लुगड्यासारखी सळसळ होते, आणि मग छातीतले दोन पिवळट फुगे बाहेर येऊन फुटल्यासारखा आवाज करतात. मग तो थांबतो. इकडेतिकडे बघतो, आणि पुन्हा तेच. माद्या मात्र भाजी निवडायला आल्यासारख्या शांतपणे मधून फिरत होत्या. बऱ्याचदा एका लेकवरच्या बहुतेक माद्या दोन-तीनच नरांना पसंत करतात. बाकीचे रोज पहाटे येऊन नाचून जातात.

मुलीने बोटांवर मोजायला सुरुवात केली. चौतीसपर्यंत बरोबर गेली, मग दोन नर भांडायला लागले आणि मोजणी बिघडली. ती माझ्या कानाशी कुजबुजली, "पुन्हा पहिल्यापासून मोजू?"

तेवढ्यात सगळा माळ एकदम गप्प झाला. नर जमिनीला चिकटले. आम्हाला काही कळायच्या आत एक सोनेरी गरुड उत्तरेकडून खालून उडत आला आणि सगळे पक्षी फडफडाट करत उठले, झुडपांवरून दूर गेले. वीस सेकंदांत मैदान रिकामं. मुलगी रडवेली झाली. "संपलं?" आम्ही अर्धा तास थांबलो. कोणी परतलं नाही. समोर होती फक्त तुडवलेली राखाडी जमीन. आता येणाऱ्या कोणालाही ती बघून वाटलं असतं, इथे तर काहीच नाही.

न्याहारीला गावातल्या छोट्या हॉटेलात गेलो. शेजारच्या टेबलावर एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते, टोपी, मळकट बूट, हात लाकडासारखे. मुलीचं चित्र टेबलावर पडलेलं बघून ते हसले. त्यांच्या आजोबांपासून या खोऱ्यात गुरांचा धंदा आहे. मी विचारलं, पक्षी कमी झाले असं वाचतो, ते खरं का? ते म्हणाले, त्यांच्या लहानपणी गवत कापायच्या हंगामात हे पक्षी थव्यांनी उठायचे. आता थवा दिसला की घरी जाऊन सांगावंसं वाटतं.

त्यांचं म्हणणं आकड्यांशी जुळतं. अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षण संस्थेने २०२१ मध्ये पश्चिमेकडच्या सर्व राज्यांच्या लेकवरच्या मोजण्या एकत्र करून अहवाल काढला. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून हे पक्षी ८० टक्क्यांनी घटले. २००२ पासूनची घट पाहिली तरी ती जवळजवळ ४० टक्के. मला या अहवालात एक गोष्ट आवडली. हे पक्षी दर सहा ते बारा वर्षांनी वाढतात आणि कमी होतात, भरती-ओहोटीसारखे. त्यामुळे कोणीही सोयीचं साल धरून "बघा, वाढले" किंवा "बघा, संपले" म्हणू शकतो. या लोकांनी एका ओहोटीची तुलना दुसऱ्या ओहोटीशी केली. आकडेवारीचं काम करणाऱ्याला हा प्रामाणिकपणा लगेच कळतो. आणि प्रत्येक ओहोटी आधीच्या ओहोटीपेक्षा खाली होती.

कशामुळे? शिकारीचं नाव आपल्या तोंडी आधी येतं, पण मुख्य कारण जमीन. पूर्वीच्या पसाऱ्यातला निम्म्याच्या आसपास सेजब्रश आज उरलेला नाही. काही शेतीखाली गेला, काही वस्तीखाली, काही तेल-वायूच्या विहिरींखाली. आणि मोठा भाग गेला तो एका परक्या गवतामुळे. चीटग्रास नावाचं हे गवत युरोप-आशियातून एकोणिसाव्या शतकात इकडे आलं. ते शरद ऋतूत उगवतं, इतरांच्या आधी वाढतं आणि उन्हाळा लागता लागता वाळून काडेपेटीसारखं पेटायला तयार होतं. सेजब्रश जळाला की बुंध्यातून पुन्हा फुटत नाही. बियांपासून नव्याने यायला त्याला अनेक वर्षं, कधी कधी दशकं लागतात. चीटग्रास मात्र पुढच्याच वर्षी दुप्पट होतं आणि पुन्हा पेटतं. जिथे अनेक दशकांतून एकदा वणवा लागायचा तिथे काही भागांत आता पाच-दहा वर्षांनी लागतो. २०२२ च्या एका सरकारी अभ्यासानुसार चांगल्या स्थितीतला सेजब्रश दरवर्षी सुमारे १३ लाख एकरांनी कमी होत आहे.

दुसरं कारण मला अनपेक्षित होतं, ते म्हणजे आवाज. वायोमिंग राज्यात संशोधकांनी लेकजवळ लाउडस्पीकर ठेवून तीन वसंत ऋतू ध्वनिमुद्रित आवाज वाजवले, काही ठिकाणी विहीर खोदण्याच्या यंत्राचा, काही ठिकाणी रस्त्यावरच्या गाड्यांचा. प्रत्यक्षात तिथे ना विहीर होती ना रस्ता. तरी यंत्राचा आवाज असलेल्या लेकवर नरांची हजेरी २९ टक्क्यांनी घटली आणि गाड्यांच्या आवाजाने ७३ टक्क्यांनी. सतत घरघर परवडते, पण मध्येच येऊन जाणारा आवाज सहन होत नाही. "गुबुक" ऐकून निवड करणाऱ्या मादीला ते ऐकूच आलं नाही तर ती निवडणार कशी?

तिसरं कारण ऐकून बायको चमकली. झाडं! ओरेगॉनमधल्या एका अभ्यासात दिसलं की जमिनीवर सूचिपर्णी झाडांची सावली चार टक्क्यांपेक्षा जास्त झाली की त्या भागातला एकही लेक नांदता राहत नाही. झाडावर गरुड-ससाणे बसतात. उघड्या माळाच्या पक्ष्याला झाड म्हणजे शत्रूचा बुरूज. म्हणून पश्चिमेत अनेक ठिकाणी माळात घुसलेली जुनिपरची झाडं मुद्दाम तोडतात, आणि हे संवर्धनाचं काम आहे! आपण लहानपणापासून "झाडे लावा" घोकत आलो. माळाला माळ राहू द्या, असं आपल्याला कोणी शिकवलंच नाही.

आजोबांनी (आमच्या मुलीने त्यांना तेच करून टाकलं) जाताना आम्हाला त्यांच्या कुंपणापाशी गाडी थांबवायला सांगितलं. तारेवर बोटाएवढ्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या अडकवल्या होत्या. पहाटेच्या अंधारात लेककडे उडणारे पक्षी तारांवर आदळून मरतात. आयडाहोमधल्या अभ्यासात अशा खुणा लावल्यावर धडका ८३ टक्क्यांनी कमी झाल्या. पुढे ओढ्याच्या काठी दगडांचे गुडघ्याएवढे बांध घातले होते. बघताक्षणी ओळखीचे वाटले. आपल्याकडे नाल्यात घालतात तसेच. पाणी अडतं, आजूबाजूची कुरणं उन्हाळ्यात हिरवी राहतात, त्यात किडे होतात, आणि अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लांना पहिले काही आठवडे किड्यांशिवाय जगता येत नाही. गुरांनाही हिरवा चारा मिळतो.

मी विचारलं, "हे सगळं तुम्ही पक्ष्यासाठी करता?"

ते मोकळेपणाने म्हणाले, "गुरांसाठी. पक्ष्याचं त्यात भलं होतं. आणि निम्मा खर्च सरकार देतं, नाहीतर मी केलं नसतं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. २०१० मध्ये केंद्र सरकारच्या वन्यजीव खात्याने म्हटलं की हा पक्षी संकटग्रस्तांच्या यादीत जायला पात्र आहे, पण रांगेत त्याच्या आधी इतर आहेत. निर्णयासाठी २०१५ ची मुदत पडली. यादीत गेला तर कडक कायदा लागणार. चराई, विहिरी, रस्ते, सगळ्यांवर बंधनं. पक्षी पसरलेला ११ राज्यांत. त्या भीतीने जे एरवी एका खोलीत बसले नसते ते बसले, गुरंवाले, तेलवाले, राज्य सरकारं आणि निसर्गप्रेमी. वायोमिंगने २००८ पासूनच आपल्या राज्यातले सर्वांत चांगले पट्टे आखून तिथे खोदकामाला कमाल मर्यादा घातली होती. शेतीखात्याने २०१० मध्ये गुरंवाल्यांसाठी खास योजना काढली, ज्यात कुंपणाच्या पट्ट्या, झाडतोड, पाणथळ कुरणं यांसाठी पैसे मिळत. काहींनी जमिनीचे करार केले. जमीन मालकाचीच राहते, गुरं चरतात, फक्त तिचे तुकडे पाडून प्लॉट विकायचे नाहीत, आणि त्याचा मोबदला घ्यायचा. सप्टेंबर २०१५ मध्ये सरकारने जाहीर केलं की इतकं काम झालं आहे की यादीत घालण्याची गरज नाही.

"म्हणजे जिंकलात," मी म्हटलं.

"तेव्हा तसंच वाटलं," ते म्हणाले. "पण सरकार बदललं की आराखडे बदलतात. कोर्टात जातात, परत येतात. पक्ष्याला सरकार कळत नाही, त्याला झुडूप कळतं." वर उल्लेख केलेला ८० टक्क्यांचा अहवाल त्या घोषणेनंतर सहा वर्षांनी आला, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना ते माहीत असणार.

निघताना त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मला परतीच्या पूर्ण रस्त्यात पुरली. सरकारी जमीन इथे भरपूर आहे, पण ओढ्याकाठची, पाण्याची जमीन बहुतेक खासगी आहे, कारण आजोबा-पणजोबांनी आधी तीच निवडली. पिल्लं वाढतात तिथे. "पक्षी माझ्याकडे राहतो आणि भाडं देत नाही. ते कोणीतरी दिलं पाहिजे. सगळं मीच दिलं तर एक दिवस मी जमीन विकेन, आणि लोक मला शिव्या देतील."

सोमवारी ऑफिसात आमचा नकाशा उघडला. आमचं सॉफ्टवेअर बांधकामाला योग्य जमीन शोधून देतं. शहर लाल, शेत पिवळं, जंगल हिरवं. झुडपी माळाला फिकट राखाडी रंग आहे आणि रंगांच्या यादीत त्याचं नाव 'इतर'. तो रंग आणि ते नाव दोन वर्षांपूर्वी मीच टाकलं होतं. दोन ओळींचा कोड. कोणी मला तसं सांगितलं नव्हतं. मला वाटलं तिथे काही नाही. त्या आठवड्यात मी ते वेगळं केलं आणि 'झुडपी माळ' असं नाव दिलं. नावाने पक्षी वाचत नाही, हे मलाही कळतं. पण नकाशा बघणारा निदान विचारेल तरी, तिथे काय आहे म्हणून.

मग आठवलं ते बारा बिघ्यांचं बीड.

मी शोधायला बसलो आणि ज्या गावावरून लहानपणी शेकडो वेळा गेलो त्याच्याबद्दल अमेरिकेत बसून पहिल्यांदा वाचलं. सैलान्याला १९८३ पासून खरमोराचं अभयारण्य आहे. खरमोर म्हणजे मराठीतला तणमोर. पावसाळ्यात विणीसाठी तो माळव्याच्या गवतात येतो. काळा नर उंच गवतातून उडी मारून वर येतो, पंख फडफडवतो आणि पुन्हा गवतात बुडतो, दिवसातून शेकडो वेळा, मादीला दिसावं म्हणून. जो सोहळा बघायला मी खिंड ओलांडून उणे आठ अंशांत बसलो, त्याचाच पावसाळी भाऊ आमच्या काकांच्या घराजवळ! आणि आकडाही तोच. १९९९ मध्ये देशभरात साडेतीन हजारांच्या आसपास असलेले तणमोर २०१७-१८ च्या पाहणीपर्यंत सुमारे ८० टक्क्यांनी घटले होते. कारण तेच, गवताळ जमिनी मोडल्या गेल्या.

ग्वाल्हेरकडच्या वाचकांना करेरा आठवत असेल. शिवपुरी जिल्ह्यात १९८१ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं. त्यातल्या गावांना आपल्याच जमिनी विकता येईनात. लोकांना पक्ष्याचा राग येऊ लागला. १९९० च्या दशकात माळढोक तिथून नाहीसा झाला, बंधनं मात्र पुढे कित्येक वर्षं राहिली. वॉल्डनचे आजोबा म्हणाले ते हेच. भाडं एकट्याने भरायला लावलं की भाडेकरू नकोसा होतो.

मी काकांना फोन केला. बीड विकू नका म्हटलं. सगळं सांगितलं, लेक, गरुड, खरमोर. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, तू तिकडे डॉलर कमवतोस. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. पक्षी देणार आहे का पैसे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. काका बरोबर होते. मी तिकडून पक्षी वाचवा म्हणायचं आणि खर्च त्यांनी सोसायचा, हे करेऱ्यासारखंच झालं. स्पीकरवर ऐकणारी बायको म्हणाली, "मग भाडं तू दे ना." तिला इतकं साधं सुचलं. शेजारच्या शेतकऱ्याला बिघ्यामागे जे सुटतं त्या हिशेबाने बारा बिघ्यांचे पैसे दरवर्षी आम्ही काकांना द्यायचे, आणि बीड मोडायचं नाही, असं ठरवलं. गुडघ्याचं ऑपरेशन वेगळं. त्यात भावंडांनी आपापला वाटा उचलला. बाबांनी पहिल्यांदा विषय ढकलला नाही, तेही वाटेकरी झाले. गिऱ्हाईक अजून आहे आणि काकांनी त्याला पूर्ण नकार दिलेला नाही. सध्या ठरलं आहे ते एवढंच, की यंदा नांगर नाही.

फोन ठेवण्याआधी काका जरा थांबून म्हणाले, "तुझे बाबा आणि मी लहानपणी बिडाच्या कडेला बसून पैज लावायचो. तो काळा पक्षी जेवायची हाक येईपर्यंत किती उड्या मारतो म्हणून. एकदा शंभरच्या वर मोजल्या होत्या. त्याला खरमोर म्हणतात हे कळायला इतकी वर्षं लागली."

ऑगस्टची तिकिटं काढली आहेत. मुलीने गोधडी आतापासून बॅगेत भरून ठेवली आहे. माळव्याच्या पावसात ती लागणार नाही हे तिला पटत नाही. आपल्यापैकी कोणी जुलै ते सप्टेंबरमध्ये रतलामकडे गेलं तर सैलान्याला वनखात्याच्या लोकांना विचारून, लांबूनच, गवतात पाय न घालता बघून यावं. आणि कोणाचं घरचं बीड असेल तर विकण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं, तिथे पूर्वी काय दिसायचं.

काकांनी मात्र आधीच बजावलं आहे, "पक्षी आला नाही तर माझ्या नावाने ओरडायचं नाही. गवत मात्र दाखवतो. ते उभं आहे."